राखीव दिवस

मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. पण कसोटी अजिंक्यपदाच्या तक्त्यात भारताचे किती टक्के झाले, ते मला विचारा. भारत फायनलला पोचला तरच आमचा प्रणीत घरी राहायला येतो. तो बेळ्ळंदूरला, आम्ही मल्लेश्वरमला. गाव एकच, पण रिंग रोडच्या ट्रॅफिकचं तो असं सांगतो, जणू मधे समुद्रच आहे.

ही रीत दोन हजार एकवीसला पडली. बापलेकांनी ठरवलं, फायनल दोन वर्षांतून एकदा येते, ती इथेच एकत्र बघायची. साउदॅम्प्टनला पावसात दोन दिवस वाया गेले आणि राखीव दिवसही खेळावा लागला. संताजी, म्हणजे माझे यजमान, पावसाला शिव्या देत होते. मी आत देवापुढे निरांजन लावून आणखी पाऊस मागत होते. प्रणीत सहा दिवस घरात होता. मोबाईलवरची मॅच टीव्हीपेक्षा काही सेकंद मागे चालते, हे त्यानेच मला तेव्हा दाखवलं. भारत हरला, आणि मी पुरणपोळीसारखे कानडी ओबट्टू केले.

तेवीसला पुन्हा आला. पाचव्या दिवशी आपण हरलो, तसा तो बॅग भरायला उठला. त्याच्यासाठी भरलेला चित्रान्नाचा डबा ओट्यावरच राहिला.

चोवीसच्या ऑक्टोबरात, आमच्या घरापासून रिक्षाने जेमतेम वीस मिनिटांवरच्या मैदानात, आपली टीम शेहेचाळीस धावांत गारद झाली. संताजी म्हणाले, "होतं असं कधी कधी." मला मात्र जेवण गेलं नाही. त्या मालिकेतले तिन्ही सामने गेले, मग ऑस्ट्रेलियातही हरलो, आणि जानेवारीत आशा संपली.

"आपली टीमच नाही, आई. येऊन बघायचं काय?" प्रणीत फोनवर म्हणाला.

आम्हाला बघ, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "सरी, बरं."

जूनमध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका खेळले. संताजींनी तरीही टीव्ही लावला. चौथ्या दिवशी, शनिवारी, आफ्रिकेला थोड्याच धावा हव्या होत्या. मला राहवलं नाही. मी प्रणीतला फोन लावला.

"संध्याकाळी स्वल्प वेळ येऊन जा रे. ओबट्टू केलेत."

"आई, ऑफिसमध्ये आहे. मीटिंग चालू आहे."

तेवढ्यात आफ्रिकेने विजयाची धाव काढली. टीव्हीवर लोक ओरडले, संताजींनी टाळ्या वाजवल्या. पाचसहा सेकंद गेले, आणि तोच ओरडा, तोच समालोचक, तेच वाक्य फोनमधून आलं. मागोमाग त्याच्या मित्रांचा कल्ला.

"आई, इथे कुणीतरी मोबाईलवर..."

"चालू दे तुझी मीटिंग," म्हणून मी फोन ठेवला. त्याला मॅच बघायचीच होती, फक्त आमच्याबरोबर नको होती.

"येतोय का?" संताजींनी विचारलं.

"कामात आहे हो."

"असू दे. सत्तावीसला आपण नक्की पोचतो. मग बघ, पाच दिवस मुक्काम." ते लगेच नव्या तक्त्याचं सांगायला लागले.

मी ओबट्टूवर झाकण ठेवलं आणि देवापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, सत्तावीसला भारताला फायनलला नेऊ नकोस. नेलंस तर तो येईल, सोफ्यावर पाय पसरून बसेल, आणि आजचं सगळं माहीत असूनही त्याचं तोंड बघून मला खरंच बरं वाटेल.