दत्तारामचं खळं

परळच्या त्या बैठ्या चाळीत शेवटची खोली दत्तारामची होती, आणि खोलीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत जी मोकळी जागा होती तिला सगळी चाळ दत्तारामचं खळं म्हणायची. मुंबईत खळं म्हटलं तर आज लोक हसतील. पण मालवणकडचा माणूस गिरणीत कापड विणायचे साचे चालवायला आला तरी दारापुढे खळं, म्हणजे चोपून सारवलेलं अंगण, नसलं तर त्याला घर घरासारखं वाटत नाही, आणि दत्ताराम तर मुलखाचा हट्टी. दर मे महिन्यात गावी जायचा आणि परतताना बोटीनं पोतंभर तांबडी माती आणायचा. पाऊस सरला की ती पसरायची, भिजवायची, पायांनी तुडवायची आणि लाकडी चोपण्यानं धोपटून अशी घट्ट करायची की वर भात सांडला तर वेचून खावा. मग कौसल्येनं शेणानं सारवायचं. बावीस वर्षं हे चाललं होतं.

कौसल्येचा त्या खळ्यावर जीव होता. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या चार-पाच वर्षांत पहिली पाळी सुटली की माणसं तिथंच जमायची. कुणी पेपर वाचून दाखवायचा, कुणी पुठ्ठ्यावर घोषणा रंगवायचा, आणि सत्याग्रहाला निघालेल्या पोरांसाठी बायका तिथंच भाकऱ्यांची गाठोडी बांधायच्या. भिंतीला टेकून बसणारी ती सगळी माणसं कौसल्येला म्हातारपणीही नावानिशी आठवायची. तेवढी माणसं पुढे तिच्या दारात कधी आली नाहीत.

तिचं दुःख वेगळंच होतं. भिंतीच्या कडेला तिला बाग करायची होती. अबोली, मोगरा, आणि माहेरच्या परसात होता तसा अनंत. अनंत तिनं चार वेळा लावला. चारही वेळा तो उन्हाळाभर तगला आणि आषाढात मुळाशी पाणी साचून कुजला. पानं पिवळी पडून गळायची, उपटलं तर मुळांना घाण वास यायचा. दत्ताराम बघून म्हणायचा, "तुझ्या हाताक गुण नाय गो." तो सहज म्हणायचा, चार माणसांत, हसत. पण कौसल्येला मूलबाळ नव्हतं, आणि चाळीत त्या वाक्याला पाय फुटायला वेळ लागला नाही. शेजारच्या शकूवहिनींनी नवरात्रात घटाचं धान्य पेरायला तिला बोलावणंच बंद केलं. "राहू दे, तू दमली असशील," असं गोड बोलून. पुढे पुढे कौसल्येलाही ते खरं वाटायला लागलं. दुसऱ्याच्या तुळशीला पाणी घालतानासुद्धा तिचा हात आखडायचा.

महाराष्ट्र व्हायच्या आदल्या दिवशी खळ्यात मंडपाचा बांबू रोवायचं ठरलं, आणि ते काम गणपतकडे आलं. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा हा गणपत दत्तारामच्याच गिरणीत सूत काढणाऱ्या रिंग खात्यात होता, आणि लढ्यात ओळख वाढून घरचाच झाला होता. त्यानं पहार मारली तर ती टणकन उडाली.

"वहिनी, ही जमीन हाय का रस्ता?" तो म्हणाला.

घाम गाळून त्यानं कोपरभर खड्डा पाडला आणि तळ मऊ पडावा म्हणून त्यात कळशीभर पाणी ओतलं. तरी पहार पुढे जाईना, तेव्हा बांबू दाराच्या खांबालाच बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या झाडायला आली तर खड्ड्यात पाणी तसंच. ऐन वैशाखात, जिथं ओला पदर घटकेत वाळतो तिथं.

गणपत आल्यावर तिनं त्याला दाखवलं. त्यानं उकिडवं बसून खड्ड्याच्या कडेवर बोट फिरवलं. तांबडा थर, शेणाचा काळपट थर, पुन्हा तांबडा, खालपर्यंत.

"तुम्ही झाडं जमिनीत लावलीच नव्हती वहिनी," तो म्हणाला. "टोपात लावली. टोपातलं पाणी जाणार कुठं?"

कौसल्या तिथंच बसली. तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. बाहेर फटाके वाजत होते, पेढे वाटले जात होते, आणि तिला एवढंच कळत होतं की आपला हात कधीच वाईट नव्हता.

संध्याकाळी तिनं दत्तारामला सांगितलं. "म्हणजे आता माझ्या खळ्याचो दोष?" असं म्हणून तो आठवडाभर घुम्यासारखा बसला. कौसल्येनं वाद घातला नाही. दोन वेळचं ताट वाढलं आणि तोंडाला कुलूप लावलं. आठव्या दिवशी, रविवारी, दत्तारामनं तिच्या मेलेल्या अनंताच्या खड्ड्यात स्वतः कळशी ओतली आणि समोर बसून राहिला. जेवणं झाली, भांडी झाली, पाणी हललं नाही. मग त्यानं चपला घातल्या आणि गणपतला बोलवायला वरळीला गेला.

दोन रविवार लागले. कठीण थर पहारीनं फोडून काढल्यावर खाली भुसभुशीत करडी माती लागली. तिच्यात गिरणीच्या बॉयलरची जळकी खडी आणि विटांचे तुकडे मिसळले. भिंतीकडेनं चर खणून त्याला हातामागे बोटभर उतार दिला आणि तो गटाराला नेऊन सोडला. पहिलं ढेकूळ दत्तारामनंच उचललं. कौसल्येला गलबलून आलं, कारण त्या ढेकळांत किती जणांची बैठक मोडली जात होती हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तरी ती थांब म्हणाली नाही.

पाचवा अनंत लावला. आषाढात पाणी यायचं आणि तासाभरात निघून जायचं. श्रावणात त्याला दोन फुलं आली.

खळं राहिलं नव्हतं, म्हणून आता माणसं पडवीतच दाटीवाटीनं बसायची. अशाच एका संध्याकाळी पाऊस पडत असताना शकूवहिनी फूल मागायला आल्या. झाड बघून म्हणाल्या, "कौसल्ये, शेवटी तुझ्या हाताला गुण आला हो. देवालाच दया आली."

दत्ताराम सुपारी कातरत होता. मान वर न करता तो पुटपुटला, "हात तिचो पयल्यापासून बरोच होतो. जमीन मिया धोपटून मारलंय. आणि इतकी वर्सां तिकाच बोललंय. ता माझा चुकला."

कौसल्या तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"पावसात मागच्यांका आयकाक गेला नसात," ती म्हणाली. "जरा मोठ्यान सांगा."

दत्तारामनं अडकित्ता बाजूला ठेवला, उठून उभा राहिला, आणि चाळीच्या पहिल्या खोलीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं सगळं पुन्हा सांगितलं.