आप्पामामांच्या दिव्याची पाळी

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी आहे. काष्टीजवळ बन्सीची वस्ती आहे, तिथे गोठ्याच्या टोकाला मी उभी असते. दुपारी माझ्या सीटवर कोंबड्या बसतात आणि हँडलवर कुणीतरी टॉवेल वाळत घालतं. माझ्या अंगावर इतकी भोकं कशी पडली, हे मात्र आजवर कुणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळीभोर आणि चकचकीत होते. इंजिन लहान, पण आवाज खणखणीत. पोटाशी सहा व्होल्टची छोटी बॅटरी आणि ती भरायला एक डायनामो. माझी भूक बेताची आणि कमाईही बेताची. दोन्हींचा मेळ घालूनच मला घडवलं होतं.

एकाहत्तर साली दसऱ्याच्या आधी बन्सीने मला घरी आणलं. त्याच्या धाकट्या बहिणीने, मुक्ताने, मला ओवाळलं. चाकाखाली लिंबू चिरडलं, माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. पोळ्याला बैलाचं होतं तसं माझं कौतुक झालं. इथवर सगळं सुखाचं होतं.

मग पाहुणे आले. आमच्याकडे नव्या वस्तूला पाहुणे रिकाम्या हाताने बघत नाहीत. आत्याचे यजमान श्रीमंतराव यांनी मला भोंगा आणला. तो वाजला की गाभण म्हैस रागावल्यासारखी वाटे. मेव्हणे सहादेव यांनी नंबरपाटीभोवती लावायला लाल-हिरव्या लुकलुक्या दिव्यांची माळ आणली. आणि बन्सीचे मामा, मांडवगणच्या पलीकडचे आप्पासाहेब, यांनी परातीएवढा दिवा आणला. भाच्याने अंधारात धडपडू नये, ही त्यांची माया. मायेला वॅट नसतात, पण दिव्याला असतात.

शेजारच्या मिशन शाळेतले पीटर गुरुजी तेव्हा अंगणात चहा पीत होते. त्यांनी खिशातून खडू काढला आणि ओट्याच्या फरशीवर हिशेब मांडला.

"बन्सीभाऊ, तुझा डायनामो साठ वॅटचा. पुढचा दिवा पस्तीस खातो, मागचा पाच, आणि इंजिनाच्या ठिणगीला लागतात वीस. उरलं काय?"

"काय न्हाई," बन्सी म्हणाला.

"आणि मामांचा दिवा एकटाच पस्तीस मागतो. आधी बेरीज करावी, मग भोक पाडावं."

"हिशेब पक्का हाय, गुरुजी. पन मामाला कोन सांगनार?"

गुरुजींनी खडू परत खिशात ठेवला. सोयरे त्यांनाही होते.

शेवटी बन्सीने शक्कल काढली. तिन्ही आहेर माझ्या अंगावर बसवायचे, पण वायर सगळ्यांना द्यायची नाही. भोंगा वाजवला तरच खातो आणि लुकलुके चिमणीएवढंच टिपतात, म्हणून त्यांना वायर मिळाली. मामांचा खादाड दिवा नुसताच बसवला. बटण होतं, काच होती, रुबाब होता. वीज तेवढी नव्हती. सगळ्यांचा मान राहिला, असं बन्सीला वाटलं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

मुक्ताच्या साखरपुड्याला मामा आले. जेवून, पान लावून ते माझ्याकडे आले आणि त्यांनी मोठ्या कौतुकाने आपल्या दिव्याचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांनी भोंगा दाबला, तो हंबरला. लुकलुके लावले, ते लुकलुकले.

"व्हय रं बन्सी," मामा म्हणाले, "श्रीमंतरावाचा भोंगा बोलतो, सहादेवाचं काजवं चमकत्यात, आन् माजाच दिवा मुका?"

मामांनी फेटा उचलला. "आमची किंमत कळली. लग्नाला येत न्हाई," असं म्हणून ते चालू लागले.

आता हे काही साधं रुसणं नव्हतं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा लागतो. मुक्ताला दुसरा मामा नव्हता आणि वडीलही नव्हते. तिने सांगून टाकलं, "आप्पामामा आल्याबगर मी बोहल्यावर चढनार न्हाई." मला ते ऐकून फार वाईट वाटलं. माझ्यापायी त्या पोरीचं लग्न अडणार होतं.

लग्नाच्या दिवशी बन्सीने सगळ्या वायरी जोडल्या आणि मला घेऊन मामांच्या गावाकडे सुटला. मुहूर्त गोरजाचा होता. भर दुपारी, रणरणत्या उन्हात, माझे सगळे दिवे जळत होते. वाटेत मेंढ्या वळणारा एक जण ओरडला, "पाव्हणं, ऊन कमी पडतंय का?" बन्सीने त्याला भोंग्याने उत्तर दिलं. मी काय बोलणार? डायनामो देत होता त्याच्या दीडपटीहून जास्त खर्च चालला होता, आणि वरची भर माझ्या पोटातून जात होती.

मामांनी दारातूनच दिवा पाहिला. चेहरा सैल पडला, पण लगेच हसले तर मान कसला? त्यांनी सावकाश दाढी केली, सदरा बदलला, फेटा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. इंजिन बंद होतं आणि दिवे चालूच. विझवायची बन्सीची छाती होईना.

परतताना सूर्य कलला. पुढचा दिवा पिवळा झाला, मग तांबडा. भोंग्याच्या म्हशीची शेळी झाली, शेळीचं करडू झालं. ओढ्याच्या अलीकडे मी दोन उचक्या दिल्या आणि थांबले. ठिणगीपुरतीही वीज माझ्याकडे उरली नव्हती.

बन्सीने किक मारून मारून धोतर घामाने भिजवलं. मग रस्त्यावरच बसला आणि रडकुंडीला येऊन त्याने सगळं सांगितलं: गुरुजींचा हिशेब, साठ वॅट, बिनवायरीचा दिवा.

मामा गरजले, "हे मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

"अरं मुडद्या! आमच्या हिरीवर आमी चौगं वाटंकरी. चौगांनी एकदम इंजनं लावली तर काय हुतं?"

"हिर आटती."

"मग? पाळी लावायची की! आज ह्याची, उद्या त्याची. आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं यील?"

आणि मामांनी स्वतःच्या दिव्याची वायर आधी उपटली. मग भोंग्याची, मग माळेची. पुढचा दिवाही बंद केला. माझा जीव हलका झाला. दोघांनी मला ओढ्याच्या उतारावर लोटलं, डायनामो फिरला, त्याची सगळी कमाई एकट्या ठिणगीला मिळाली, आणि मी फटफटले! ओढ्यापलीकडच्या खोपटात मामांच्या ओळखीची दगडाबाई कंदील लावत होती. मामांनी तिच्या हातातला पेटता कंदीलच मागून घेतला.

आणि मित्रांनो, अशी आमची स्वारी निघाली. पाठीमागे बसलेले मामा एका हाताने कंदील बन्सीच्या खांद्यावरून पुढे धरत होते, दुसऱ्या हाताने फेटा सावरत होते, आणि भोंग्याऐवजी स्वतःच ओरडत होते, "सरका! नवरीचा मामा आलाय!" परातीएवढा दिवा मुका होता आणि तो देणारा माणूसच दिवा झाला होता.

अंतरपाट हातात घेऊन भटजी ताटकळले होते आणि मुक्ता बोहल्याच्या खालीच उभी होती. मामा काजळीने माखलेल्या तोंडाने, कंदिलासकट मुक्ताच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. तिने मागे वळून पाहिलं आणि भर मांडवात रडता रडता हसली.

त्यानंतर मामांनी माझ्या अंगावर पाळी लावून दिली. बाजाराच्या दिवशी श्रीमंतरावांचा भोंगा. सणाला सहादेवांचे लुकलुके. आणि अवसेच्या अंधारात पुढचा दिवा बंद करून मामांचा दिवा. कुणी नवा आहेर घेऊन आलं की मामाच आधी दरडावून विचारत, "किती वॅट?" पीटर गुरुजींना जे कधी जमलं नाही, ते मामांना एका शब्दात जमलं.

बऱ्याच वर्षांनी मामा गेले. निरोप संध्याकाळी आला. बन्सी गोठ्यात आला, मला पुसलं, आणि एकेक बटण बंद केलं. एकच चालू ठेवलं. त्या दिवशी अवस नव्हती, पौर्णिमेचं चांदणं पडलं होतं. तरी मामांच्या गावापर्यंत मामांचा दिवा एकटा, लख्ख जळत होता. बॅटरीने अजिबात कुरकुर केली नाही.

आता मी थकले आहे. मित्रांनो, माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या घरी असेल तर त्याला पुसा, तेल द्या. पण हौसेने त्याच्या अंगावर काही चढवण्याआधी त्याच्या पोटात किती आहे ते विचारा, आणि पुरत नसेल तर देणाऱ्याला तोंडावर सांगा. खरी माया असेल तर तो रागावेल, ओरडेल, आणि मग स्वतः कंदील धरून तुमच्या पाठीमागे बसेल.