जसं आहे तसं

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. सध्या भंगारवाल्याच्या आवारात, विटांच्या भिंतीला टेकून उभा आहे.

शिवणकाम करणाऱ्या मास्तरांनी मला बसवून घेतलं, ते त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. सुताराने घाई केली आणि मी जन्माचा अडेलतट्टू झालो. कडी धरून मला जरासं उचलायचं, मग ढकलायचं. नवखा पाहुणा बाहेरून धक्के मारत बसला, की मास्तरीणबाई आतून हसत म्हणायच्या, "उचला हो त्याला, लाडोबा आहे तो!" त्या गेल्या आणि माझं कौतुकही संपलं. रंगाचे पोपडे निघू लागले.

मागच्या वर्षी मास्तर न्हाणीत पडले. मुलगी म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडेच चला. एकटं ठेवणार नाही मी तुम्हाला." घर विकायचं तर आधी डागडुजी, रंग, जाहिरात. तेवढा दम कुणात होता? तेवढ्यात एक गृहस्थ आले. माझ्याजवळ उभं राहूनच म्हणाले, "कशाला खर्चात पडता, मास्तर? जसं आहे तसं घेतो. आठ दिवसांत रोख."

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक 'जसं आहे तसं' म्हणालं, की कपड्याला कात्री लावायची नसते. मुलीला म्हणाले, "भला माणूस आहे गं. घराला हात लावणार नाही म्हणतो."

मुलीला खरं काय ते कळलं होतं: त्या गृहस्थांना फक्त जागा हवी होती, घर पाडायचंच होतं. ती गप्प राहिली. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली.

निघताना मास्तरांनी त्या गृहस्थांना माझी कडी धरून दाखवली. "एवढं उचला, मग ढकला. जोर नका करू." ते मान डोलावत राहिले.

पंधरा दिवसांत घर जमीनदोस्त झालं. मित्रांनो, जुनं कधीतरी मोडतंच, त्याचं मला एवढं दुःख नाही. पण आपलं माणूस चुकीच्या समजुतीवर घर सोडतंय हे दिसत असेल, तर गप्प बसू नका. त्याला नीट निरोप तरी घेऊ द्या.

काल मास्तर मला शोधत आले. मुलगी मागे रडत उभी होती. मास्तरांनी कडी धरली, मला जरासं उचललं आणि ढकललं.

जन्मभर अडून राहिलो, पण काल मला मनापासून उघडायचं होतं. उघडायला मागे घर नव्हतं.