कावीळ आणि गाऱ्हाणं

जयवंत बी.कॉम. झाला तो पास क्लासात, आणि तेही दुसऱ्या वर्षी अकाउंट्समध्ये सपशेल गचकून. असा मुलगा मॅनेजमेंटच्या कॉलेजात जायचं म्हणतो, हे ऐकून घाटकोपरच्या त्या चाळीला हसू आवरेना. पण पठ्ठ्या प्रवेशाच्या लेखी परीक्षेत पास झाला! आता उरला इंटरव्ह्यू. तिथे घोडं अडलं तर मुकाट्याने कुर्ल्याच्या गोदामात कारकुनी धरायची, असं बाबांशी ठरलं होतं. त्या गोदामाचं नाव निघालं की तो विषयच बदलायचा.

मार्कांचं काय सांगायचं, हा खरा घोर. शेजारची अनुपमा बँकेत होती, इंग्रजी फाडफाड बोलायची. तिने तोड काढली. "परीक्षेच्या वेळी कावीळ झालेली म्हणून सांग ना! आजारी माणसाला कोण बोलतंय यार?"

जयवंतने कावीळ इंग्रजीत घोकायला घेतली. सकाळ-संध्याकाळ तीच, अनुपमाच्या खोलीत बसून.

खरं कारण होतं शिमगा. परीक्षेच्या ऐन तोंडावर चाळीतली माणसं कोकणात गावी निघायची आणि त्यांच्या एसटी भरायचं काम जयवंतकडे असायचं. नुसती तिकिटं काढून भागत नसे. भावकीत भांडण असलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसू नयेत असं बसवायचं, ज्याला गाडी लागते त्याला खिडकी द्यायची, आणि ढोल टपावर चढवताना कोणाचा आधी यावरून होणारी मारामारी मिटवायची. यात अकाउंट्सची वाट लागली.

इंटरव्ह्यूच्या सकाळी बाबांनी, म्हणजे बाळा सावंतांनी, देवापुढे नारळ ठेवला. शेजारीपाजारी दारात जमले. बाबांनी हात जोडून खणखणीत आवाजात देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो माझो झील जयवंत..."

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ.

"दुसऱ्या वर्साक नापास झालो..."

"व्हय म्हाराजा!"

"अभ्यास करूक नाय, एसटी भरीत फिरत रवलो..."

"व्हय म्हाराजा!" यात समोरच्या खोलीतल्या रत्नप्रभाकाकूंचा आवाज सगळ्यांत वर.

"बाबा, तेवढं कशाला?" जयवंत कानापर्यंत लाल झाला.

"देवाकडे लपवचा नसता," बाबा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. "काय चुकला-माकला आसात तर पदरात घी, नि ह्येका थंय आत घेवक लाय रे म्हाराजा!"

कॉलेजात समोर तिघं बसले होते. पिकल्या केसांच्या सरांनी मार्कशीटवर बोट ठेवलं. "इथे काय झालं?"

जयवंतने तोंड उघडलं. कावीळ अगदी जिभेवर आली होती. तेवढ्यात त्याच्या कानात सगळी चाळ ओरडली आणि इंग्रजी पार पळालं.

"नापास झालो, सर. अभ्यास केला नाही."

मग काय केलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने शिमगा सांगितला. भावकी, खिडकी, ढोल, सगळं. सांगता सांगता त्याला मजाच यायला लागली.

बाजूच्या मॅडम म्हणाल्या, "इथे दोन वर्षं मान वर करायला मिळणार नाही. गाड्या कोण भरणार?"

"यंदाच माझ्या बहिणीने भरल्या, मॅडम. मालनने. लेखीचा अभ्यास होता म्हणून तिला आधीपासून शिकवून ठेवलं होतं. माझ्यापेक्षा झकास भरल्या तिने. मला भावाभावांची भांडणं कळायची, तिला जावाजावांचीही कळतात."

तिघंही खो खो हसले. सरांनी मार्कशीट बाजूला सारली आणि पेन उचललं.

यादीत नाव लागलं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले गेले. बाबांनी पुन्हा नारळ आणला आणि जयवंतच्या हातात दिला. "आता तू घाल गाऱ्हाणा."

जयवंतने नारळ देवापुढे ठेवून हात जोडले. "बा देवा म्हाराजा... मी तिथे खोटं बोलणार होतो..."

चाळ एकमेकांकडे बघू लागली. अनुपमाने जीभ चावली. एवढ्यात मागून बाबा सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "व्हय म्हाराजा!"

जयवंतने चमकून मागे पाहिलं.

"भिंत पातळ आसा रे," बाबा हसत म्हणाले. "तुझी कावीळ म्हैनोभर आयकतंय मी."