हद्दपार कौल

कौलाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा होता. त्याचाच – ओली माती साच्यातून काढताना उमटलेला आणि भट्टीत भाजून कायमचा झालेला. मांडीवरच्या फडक्यातून तेवढाच कोपरा बाहेर डोकावत होता, आणि खेचरगाडी खड्ड्यातून उसळली की तिमेआसचा हात आपोआप तिथं जाऊन सावरत होता... जपत होता म्हणा ना. पोरीचा जीव घेणाऱ्या कौलाला धक्का लागू नये म्हणून! हे ध्यानात आल्यावर त्यानं हात काढून घेतला, आणि पुढच्या खड्ड्याला तो परत तिथंच गेला.

काल निकाल लागला; अथेन्समध्ये जीव घेणाऱ्या निर्जीव वस्तूवरही खटला चालतो. नुसता नावाचा राजा म्हणवणारा तो म्हातारा न्यायाधीश चौथऱ्यावर बसला, फडक्यात बांधलेलं कौल समोर ठेवलं, साक्षी झाल्या. कौल दोषी. मेलेल्या मुलीच्या सर्वांत जवळच्या पुरुषानं ते अथेन्सच्या हद्दीबाहेर फेकावं. तिमेआसला कुणी काही विचारलं नाही. बापाला काय विचारायचं?

विचारायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याची पोर फिला तापानं फणफणली होती तेव्हा त्यानं ब्राउरॉनच्या आर्तेमिस देवीला नवस केला होता – पोर वाचव, तुझ्या देवळाच्या ओसरीवर माझ्या हातची शंभर कौलं चढवीन, एकही उणं नाही. पोर वाचली. कौलं भाजून निघाली, त्यानं नेहमीसारखं एकेक बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. नव्व्याण्णव खणखणीत वाजली आणि एक बद्द. केसाएवढी भेग. एका कौलासाठी पुन्हा भट्टी कुठं लावायची... मागच्या अंगाला जाईल, तिथं कोण बघतंय, असं तो स्वतःशी म्हणाला होता. देवी बघते हे त्याला ठाऊक नव्हतं? होतं की! पण नव्व्याण्णव देणाऱ्याची एक खोट इतकी मनात धरून बसायची?

यंदा फिला देवीची अस्वल झाली. लग्नाआधी तिथं मुली अस्वलं होतात, केशरी झगे घालून देवीपुढं नाचतात. जायच्या आधी आठवडाभर ती घरात गुरगुरत हिंडली, बापाच्या पोटरीला चावली... आणि तिथं, ओसरीखाली, नाचता नाचता – वारा नव्हता, पाऊस नव्हता – वरून एक कौल सुटलं. तेच असणार. दुसरं कुठलं? वाजवून पाहायची त्याला गरजच नव्हती.

"दाजी," बायकोचा भाऊ स्मिकोस लगाम सैल सोडून मागं वळला, "मांडीवर काय घेऊन बसलाय? बारसं करायचंय का त्याचं?" मग स्वतःच ओशाळला. "चुकलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही, ताई म्हणते ते खोटं नाही."

"निघताना काय म्हणाली ती?"

"सीमेवर शब्द नीट उच्चारायला सांग म्हणाली. पोट खाली उतरलंय तिचं, दाजी. दोन-चार दिवसांत होईल मोकळी. तोवर देवीचा राग घरातून गेलेला बरा."

बाळंतिणीच्या उशाशी उभी राहते ती हीच, आर्तेमिस. मनात आलं तर सोडवते, नाहीतर बाण मारते. मग मेलेल्या बाईची नवीकोरी वस्त्रं ब्राउरॉनला नेऊन टांगायची. त्याच्या बायकोनं, मेलित्तानं विणलेली वस्त्रं... नको. पण तिमेआसला वाट दिसत होती. पाप त्याचं होतं, म्हणून ते फेडता येणार होतं. सीमेवर हळूच कबुली द्यायची, नवी शंभर कौलं बोलायची, शंभरही वाजवून घेतलेली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याला थोडी भूक लागली. गुन्हेगार असण्याचा केवढा आधार असतो!

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्यापलीकडं, परका मुलूख सुरू होत होता. तिमेआस उतरला, फडकं सोडलं. कबुली द्यायची तर भेगेवर बोट ठेवून द्यावी म्हणून त्यानं कौल उन्हात धरलं. भेग दिसेना. उलटं केलं... पालथं... मग पेर दुमडून मारलं.

खणखणीत.

पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं. ओढ्याच्या पाण्यावर तो आवाज स्वच्छ घुमला. त्यानं भाजलेलं सगळ्यांत उत्तम कौल होतं ते. बद्द वाजणारं अजून तिकडं छपरावर होतं, शाबूत, कुणाच्याही डोक्यावर न पडलेलं. म्हणजे ती खोट देवीनं कधी पाहिलीच नव्हती! तिनं राग धरला नव्हता, शिक्षा केली नव्हती. तो चुकला होता आणि त्याचा या कशाशी संबंध नव्हता. मग का? आपल्यासमोर नाचणारी पोर, वाचवून दिलेली पोर, तीन वर्षं वाढू दिलेली... काही कारण नसताना?

"बोला ना, दाजी."

"या रक्ताचा दोष तुझा," तिमेआस म्हणाला. कौलाकडं बघून म्हणायचं असतं, पण त्याला ते जमलं नाही. मग त्यानं ते फेकलं.

"नीट बोललात," स्मिकोस म्हणाला. "ताईला सांगतो."

परतीला तिमेआस मनातल्या मनात देवीला शिव्या घालत होता – दगाबाज, नवस गिळणारी, पोरं गिळणारी. दुसऱ्या कुणी अशी फसवणूक केली असती तर त्याला न्यायाधीशासमोर उभं केलं असतं. फेडायला काही उरलं नव्हतं. तिला काय देऊ करायचं, जिचं तो काही देणंच लागत नव्हता? मेलित्ता आणि त्या बाणाच्या मध्ये आता काहीसुद्धा नव्हतं, त्याचं पापही नव्हतं.

"काय पुटपुटताय?" स्मिकोसनं विचारलं.

तेव्हा त्याला कळलं. शिव्या केव्हाच संपल्या होत्या. तो विनवण्या करत होता – माय, तिला सोड, एवढ्या एकीला सोड – आणि त्याला स्वतःची किळस आली, त्या लाचार, गोड आवाजाची. पण तो थांबला नाही. प्रसूतीच्या वेळी हाक मारायला दुसरं कुणीच नव्हतं.