दुमडलेला कान

बोलोन्यात डिसेंबरचं धुकं उतरलं की दुपार कुठे संपली ते कळत नाही. तशाच एका दुपारी माझा नवरा फुल्जेन्सियो वेदीच्या चित्रासाठी ख्रिस्तजन्माचं रेखाटन करत होता आणि मी मरियेच्या जागी बसले होते, रिकामे हात मांडीवर घेऊन. आमची ओत्ताविया त्या हातांतून गेली त्याला नऊ महिने झाले होते. जगाची चित्रं काढणाऱ्या या माणसाने पोटच्या पोरीचं एकही काढलं नव्हतं. मला त्याचा राग होता. तिचा चेहरा आता मलाही नीट आठवेना, त्याची भीती त्याहून जास्त.

उठून पाहिलं तर गाय, गाढव, मेंढपाळ सगळे हजर, आणि गव्हाणीत नुसता कोरा कागद. बाळ कुठंय, म्हणून मी खेकसले.

"उजेड काढता येत नाही गं," तो म्हणाला. "भोवतीचा अंधार काढायचा. कुठे काळं करू, ते तू सांग."

मी डोळे मिटले. धुकं घरात आल्यासारखं वाटलं. हनुवटीखाली, मी म्हणाले. मानेच्या वळीत. आणि उजव्या कानाचं टोक दुमडलेलं. मी ते ओठांनी सरळ करायची, ते पुन्हा दुमडायचं. पातळ शाईचा कुंचला सरकत राहिला. डोळे उघडले तेव्हा गव्हाणीत ती झोपली होती. मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी फादर कल्लिस्तो आले. त्यांनी पसंत केल्याशिवाय रेखाटन वेदीपर्यंत जात नसे.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "पण देवाच्या पुत्राला असला कान? सरळ करा."

मी खुर्ची घट्ट धरली. ओत्ताविया दुसऱ्यांदा जाणार होती.

"काय सरळ करू, फादर?" फुल्जेन्सियो शांतपणे म्हणाला. "तिथे मी काही काढलेलंच नाही. कागद आहे तो."

"मग पांढरा रंग लावा."

"शिशाचा पांढरा पुढे काळा पडतो. देवाच्या पुत्राचा कान काळा झाला, तर लोक तुम्हालाच विचारतील."

फादर कागद घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ पाहत राहिले. मग अगदी हळू, सरळ करावा तसं, त्यांनी त्या कानावरून बोट फिरवलं.

"राहू दे," ते म्हणाले.

त्यांनी बोट उचललं. कान दुमडलेलाच होता.