तिसऱ्या कमानीतला पुकारा

थांबा जरा, कुलूप बघून लगेच परत फिरू नका. मी जुन्या कोर्टाचा व्हरांडा बोलतोय. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं हे कोर्ट.

निजामाच्या अमदानीत मला बांधलं. काळा दगड, चुना, पाच कमानी. गवंडी मोठा हुशार! कमानी अशा बेतानं वळवल्या, की इथं दिलेला पुकारा थेट समोरच्या लिंबाखाली ऐकू जावा. तीन पुकारे व्हायचे. तिसऱ्यालाही माणूस आला नाही, की दावा खारीज.

उषाबाईला हे पक्कं ठाऊक. बापाच्या जमिनीत वाटा मिळावा म्हणून तिनं भावावर, भुजंगवर, दावा लावलेला. एकोणीस वर्षं ती तिसऱ्या कमानीखाली बसली. पाणी प्यायलाही उठायची नाही; न जाणो, तेवढ्यात पुकारा झाला तर! तिच्या टेकण्यानं माझा तिथला दगड गुळगुळीत झालाय.

उन्हाळी सुट्टीत कोर्ट बायपासवरच्या नव्या इमारतीत गेलं. कपाटं गेली, बाकडी गेली. दारावर एक कागद चिकटवला, झालं!

जूनमधल्या तारखेला उषाबाई दहालाच हजर. कागद दिसला, पण तिला अक्षर कुठं येतं? तिचे वकीलही मागल्या साली वारलेले, सांगणार कोण? साहेबांना उशीर झाला असेल, असं म्हणून बसली. मी नुसता तडफडत होतो. तेव्हा तोंड फुटलं नाही, आणि आता तुमच्यापुढे बडबडतोय. काय उपयोग?

चार वाजता भिवा आला. जन्मभर इथं पुकारे देऊन रिटायर झालेला शिपाई.

"बाई, हितं काय करून राह्यल्या? कोर्ट नव्या बिल्डिंगीत गेलं की!"

"मंग माझा पुकारा?"

भिवानं तिकडे फोन लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"झाला, बाई. तीनदा झाला. तुम्ही न्हाई म्हणून दावा काढून टाकला. अर्ज दिला तर पुन्हा चालू होतो."

"अजून किती वर्षं, भिवाभाऊ? सत्तरी उलटली माझी."

ती उठेचना. मग म्हणाली, "एकदा द्या पुकारा. हितंच."

भिवा कमानीत उभा राहिला. "उषाबाई विरुद्ध भुजंगऽऽ, हाजिर होऽऽ!" आवाज फाटला त्याचा, पण मी तो बराबर लिंबापर्यंत पोचवला.

उषाबाई पदर सावरून कुलपासमोर उभी राहिली. "हाजिर हाय," म्हणाली.

त्यानंतर ती आली नाही.

मला पाडणार म्हणतात. पाडा, माझं काही म्हणणं नाही. पण तोवर इथं सांगायला एखादा माणूस तरी बसवा हो. कागद नको.